दोन दिवस, आठ कोर्ट, पाच गट: कॉर्नहोल स्पर्धेचं वेळापत्रक कसं बसवायचं?

तिरपा_बोर्ड

मंडळी, शनिवार-रविवार अशी दोन दिवसांची कॉर्नहोल स्पर्धा आखायची आहे. (नवख्यांसाठी: भोक असलेल्या तिरप्या बोर्डवर दाणे भरलेल्या छोट्या बॅगा फेकायच्या, भोकात गेली तर ३ गुण, बोर्डवर राहिली तर १. दोन्ही बाजूंच्या चार-चार बॅगा म्हणजे एक फेरी, आणि २१ गुणांना सामना.) जागा बंदिस्त, ८ कोर्ट. नोंदणी साधारण अशी धरली आहे: खुली दुहेरी ३२ जोड्या, महिला दुहेरी १२ जोड्या, ज्युनिअर एकेरी १०, सीनिअर एकेरी १२ आणि खुली एकेरी ४०.

कच्चा आराखडा: शनिवारी दुहेरी, रविवारी एकेरी, सगळीकडे डबल एलिमिनेशन, म्हणजे दोनदा हरल्यावर बाद. खुल्या दुहेरीचे ३२ जोड्यांचे ६२ सामने होतात, आठ कोर्ट, सामन्याला २० मिनिटं. म्हणजे साधारण २ तास ३५ मिनिटांत गट संपतो. मग दिवसाला तीन गट सहज बसावेत.

प्रश्न तीन. हे गणित बरोबर आहे का? सामना पूर्ण २१ पर्यंत खेळवावा की फेऱ्यांची मर्यादा घालावी? आणि एकच खेळाडू दोन गटांत असेल तर काय करायचं?

आकडेमोडे

भागाकार बरोबर, गणित चूक.

६२ ला ८ ने भागताना तुम्ही गृहीत धरताय की आठही कोर्टं शेवटपर्यंत भरलेली राहतील. डबल एलिमिनेशनमध्ये ते होत नाही, कारण लूझर्स ब्रॅकेटची, म्हणजे एकदा हरलेल्यांच्या बाजूची, पुढची फेरी आधीच्या फेरीच्या निकालासाठी थांबलेली असते. ३२ जोड्यांचं २०-२० मिनिटांच्या घासात मांडून बघा, एक घास म्हणजे आठ कोर्टांवर एका वेळी चालणाऱ्या सामन्यांची एक खेप.

विनर्सची (अजून न हरलेल्यांची) पहिली फेरी १६ सामने, म्हणजे २ घास. मग विनर्सची दुसरी ८ आणि लूझर्सची पहिली ८, आणखी २. पाचव्या घासात लूझर्सची दुसरी फेरी, ८ सामने. सहाव्यात विनर्सचे ४ आणि लूझर्सचे ४. इथवर कोर्टं छान भरलेली. सातव्यात ६ सामने. आठव्यात फक्त ३. नवव्यात २. त्यानंतर दहावा, अकरावा, बारावा, प्रत्येकी एकच सामना. आणि लूझर्समधून आलेल्याने अंतिम सामना जिंकला तर तेरावा.

म्हणजे १२ ते १३ घास, ४ तास ते ४ तास २० मिनिटं. त्यातले शेवटचे सहा घास तुमची पाच ते सात कोर्टं रिकामी. स्पर्धा रात्री अकराला संपते ती या शेपटीमुळे. कोर्टं ८ ची १६ केली तरी ही शेपटी एका मिनिटाने कमी होत नाही, ती फक्त फेऱ्यांच्या संख्येवर ठरते.

लूझर्स_ब्रॅकेटवासी

शेपटीतच आमचं घर आहे, जरा जपून बोला. :)

गप्पिष्ट

मग आठव्या घासाला पुढचा गट सुरू करून टाका की. पाच कोर्टं मोकळी आहेत ना?

नियमनारायण

@गप्पिष्ट, कागदावर हेच सुचतं आणि मैदानावर हेच नडतं. शेपटीत उरलेल्या जोड्या कोण? सगळ्यात चांगल्या. पुढच्या गटात नाव कोणाचं असतं? त्यांचंच. महिला दुहेरी सुरू केली आणि त्यातली एक खेळाडू खुल्या दुहेरीच्या लूझर्स फायनलमध्ये अडकली, तर महिला गटाची पहिलीच फेरी तिच्यासाठी खोळंबते. तिकडे तिची प्रतिस्पर्धी जोडी चाळीस मिनिटं नुसती उभी. मग कोणीतरी म्हणतं "बाय द्या, न खेळता पुढे पाठवा", कोणीतरी म्हणतं "का म्हणून", आणि आयोजकांच्या टेबलाभोवती गर्दी.

नियम साधा ठेवा. ज्या दोन गटांत समान खेळाडू असू शकतात ते एकमेकांवर चढवायचे नाहीत. चढवायचे तर ज्यांत समान नावं अशक्य आहेत तेच, उदाहरणार्थ ज्युनिअर आणि सीनिअर. आणि जो गट चढवाल त्याची वेळ "अमुक वाजण्याआधी सुरू होणार नाही" अशी छापा. नुसतं "खुली दुहेरी संपल्यावर" असं लिहिलं की लोक जेवायला जातात.

शून्य_चौकार

मुळात डबल एलिमिनेशन हवंच कशाला? बत्तिसातल्या आठ जोड्या दोन सामने हरून घरी जातात. दोन दिवसांची स्पर्धा म्हणून लांबून यायचं आणि चाळीस मिनिटांत बॅगा आवरायच्या.

साखळी अधिक बाद फेरी करा. ३२ जोड्यांचे चारचारचे ८ गट, प्रत्येक गटाला एक कोर्ट. चार जोड्यांचे सामने ६, म्हणजे बरोबर ६ घास, २ तास, आठही कोर्टं पूर्ण वेळ भरलेली. कोणी कोणाची वाट बघत नाही, कारण गटाचा सगळा कारभार त्याच कोर्टावर. ज्या दोन जोड्या बसलेल्या असतात त्यांच्यातला एक जण गुण मांडतो.

मग प्रत्येक गटातल्या पहिल्या दोन जोड्या वरच्या ब्रॅकेटमध्ये, खालच्या दोन खालच्या ब्रॅकेटमध्ये, दोन्ही साधी बाद फेरी. पहिली फेरी दोन्हींची मिळून १६ सामने, २ घास. मग ८ सामने, मग ४, मग दोन्ही अंतिम सामने एकाच वेळी. ५ घास. एकूण ११, आणि प्रत्येक जोडीला किमान ४ सामने.

आकडेमोडे

+१. डबलमध्ये किमान २ सामने आणि १३ घास, इथे किमान ४ सामने आणि ११ घास. तुलनाच नाही.

चौथी_बॅग

तुलना आहे. साध्या बाद फेरीत वरच्या ब्रॅकेटमधली चांगली जोडी एका वाईट सामन्यात गेली की गेली. कॉर्नहोलमध्ये एखादी फेरी फिरायला वेळ लागत नाही: समोरच्याने चार बॅगा भोकात घातल्या आणि तुमच्या चारही घसरल्या की एका फेरीत १२ गुण. २१ च्या सामन्यात निम्म्याहून जास्त तिथेच गेले. म्हणून दुसरी संधी ठेवतात. ती काढून टाकणं म्हणजे नशिबाला मोकळं रान.

शून्य_चौकार

@चौथी_बॅग, मुद्दा बरोबर आहे, उपाय महाग आहे. वरच्या १६ जणांना डबल द्यायचं तर ३० सामने आणि ८ ते ९ घास. तिथे सामने लांबतात, म्हणून अर्धा तास धरा. साडेचार तास झाले. त्यापेक्षा उपांत्य आणि अंतिम सामना तीनपैकी दोन करा. जिथे नशिबाची किंमत सगळ्यात जास्त, तिथेच दुसरी संधी.

चौथी_बॅग

उपांत्य सामन्यापर्यंत पोचू तर द्या आधी. पण ठीक, वेळेच्या हिशोबात पटतं. तत्त्वतः असहमत. :)

निवांत

वाचनखूण साठवली. एक शंका. सामन्याला २० मिनिटं आली कुठून?

आकडेमोडे

एक फेरी म्हणजे ८ बॅगा, गुण ठरवणं आणि बॅगा उचलणं. सव्वा मिनिट धरा. नवखे खेळाडू असतील तर १२-१५ फेऱ्यांत २१ होतात. गंमत अशी की खेळाडू जितके चांगले तितका सामना लांबतो. गुण वजा होऊन मिळतात ना: तुमचे ९, माझे ९, फेरी शून्य. तुमचे १०, माझे ९, फेरी १ गुणाची. दोघेही भोकावर बसलेले असले की २१ गाठायला २५ फेऱ्याही लागतात, म्हणजे अर्धा तास.

त्यामुळे धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: साखळीत १२ फेऱ्यांची मर्यादा घाला, किंवा २१, जे आधी होईल ते. १२ फेऱ्या म्हणजे १५ मिनिटं, अदलाबदलीला ५. घास बरोबर २० चा राहतो. बाराव्या फेरीअखेर बरोबरी असेल तर निकाल लागेपर्यंत एकेक फेरी जास्तीची. बाद फेरीत मात्र मर्यादा नको, पूर्ण २१, आणि घास ३० चा.

नियमनारायण

घड्याळाची मर्यादा अजिबात नको, फेऱ्यांचीच हवी. घड्याळ लावलं की आघाडीवर असलेला बॅग झटकतो, बोटं पुसतो, पाणी पितो. फेऱ्या मोजल्या की रेंगाळण्यात फायदा उरत नाही.

आणि २१ च्या पुढे गेलं की मागे सोडायचं, १५ वर आणायचं, हा घरगुती नियम आहे. स्पर्धेत २१ किंवा जास्त, फेरी पूर्ण झाल्यावर, सामना संपला. हे पहिल्याच घोषणेत सांगा, नाहीतर दर गटात एक जण १५ चा नियम घेऊन टेबलावर येतो.

वाऱ्यावरची_बॅग

खुल्या एकेरीत ४० जणांना एकत्र खेळवणार का? नवखे आणि मुरलेले एकाच साखळीत पडले तर २१-० चे सामने बघायला मिळतील. कौशल्यानुसार दोन गट पाडा.

तिरपा_बोर्ड

पाडायचे कशावरून? प्रत्येकाला विचारलं तर सगळेच "मी आपला हौशी".

लूझर्स_ब्रॅकेटवासी

बक्षीस जाहीर करण्याआधी विचारा. मग सगळे तज्ज्ञ.

आकडेमोडे

पीपीआर बघा, म्हणजे फेरीमागे सरासरी गुण, वजाबाकी करण्याआधीचे. दोन भोकात, एक बोर्डवर, एक बाहेर: त्या फेरीचे ७. कमाल १२. ॲपवर गुण मांडले तर ही सरासरी आपोआप निघते.

पण दोन ठिकाणी ती फसवते. एक, मुद्दाम भोकासमोर बॅग ठेवून वाट अडवणारा खेळाडू. त्याचा पीपीआर कमी दिसतो, पण तो समोरच्याचाही खाली आणतो. म्हणून स्वतःचा आणि प्रतिस्पर्ध्याचा यांतला फरक बघा. दोन, गुण मांडणाऱ्याने प्रत्येक खेळाडूचे गुण न टाकता फक्त वजाबाकी करून आलेला गुण टाकला तर पीपीआरला काही अर्थच उरत नाही. ही चूक सर्रास होते. ९-७ ला "२" टाकून मोकळे होतात.

नियमनारायण

आणि मुद्दाम साखळी हरून खालच्या ब्रॅकेटमध्ये बक्षीस मारणाऱ्यांचं काय?

शून्य_चौकार

खालच्या ब्रॅकेटचं बक्षीस इतकं लहान ठेवा की वरच्या ब्रॅकेटमध्ये उपांत्यपूर्व फेरीत हरणाराही त्यापेक्षा जास्त नेईल. मग मुद्दाम हरण्यात काही राहत नाही. नियमांनी हे थांबत नाही.

सुतारपक्षी

सगळे ब्रॅकेटमध्येच रमलेत. बोर्डांकडे कोणी बघणार का? गुणांचे वाद निम्मे तिथून येतात.

माप सगळ्यांना पाठ असतं: २ फूट बाय ४ फूट, भोक ६ इंच, भोकाचं केंद्र वरच्या कडेपासून ९ इंच आणि दोन्ही बाजूंपासून १२ इंच, मागची बाजू जमिनीपासून १२ इंच उंच. दोन बोर्डांच्या पुढच्या कडांमध्ये २७ फूट. चुकतं ते मांडताना. लोक एकाच बाजूने २७ फूट मोजतात आणि बोर्ड किंचित वळलेला राहतो. डाव्या पुढच्या कोपऱ्यापासून समोरच्या बोर्डच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत फीत लावा, मग दुसरा कर्ण. दोन्ही सारखे आले पाहिजेत, २७ फूट आणि जेमतेम एक इंच. बाजू २७-२७ आणि कर्ण समान, की बोर्ड समोरासमोर.

मग जमिनीवर पुढच्या दोन कोपऱ्यांना चिकटपट्टीचे काटकोन मारा. दिवसभरात बोर्ड मागे सरकतातच, प्रत्येक बॅग १६ औंसांच्या आसपास असते आणि आपटून ढकलते. खूण असली की दर सामन्याआधी पायाने जागेवर आणता येतो, फीत काढावी लागत नाही. पायांखाली रबराची चटई आणि मागच्या आडव्या पट्टीवर वाळूची पिशवी ठेवली तर सरकणं बरंच कमी होतं.

डुगडुगणारा बोर्ड चालवून घेऊ नका. एक पाय अर्धा सेंटिमीटर आखूड असला तरी बॅग पडताना फळी उडते, आणि बोर्डवर टिकलेली दुसरी बॅग घसरते. फळीच्या मधोमध तळहाताने दाबून बघा. लवचिक वाटली तर आडवा आधार सैल झालाय. जोडी जुळवताना पृष्ठभाग सारखे घ्या. एक बोर्ड गुळगुळीत आणि समोरचा घासलेला असेल तर दुहेरीत (जोडीतला एकेक जण एकेका टोकाला उभा असतो) एका टोकाचे दोघे वेगळाच खेळ खेळत असतात.

निवांत

जागा किती लागते एका कोर्टाला?

सुतारपक्षी

लांबी: २७ अधिक दोन बोर्ड ४-४ फुटांचे, झाले ३५. मागे दोन्हीकडे किमान ५ फूट, म्हणजे ४५. रुंदी: बोर्ड २ फूट आणि दोन्ही बाजूंना ३-३ फुटांची फेकायची चौकट, ८ फूट. शेजारचं कोर्ट चिकटवू नका, १० ते १२ फूट धरा, नाहीतर शेजाऱ्याचं कोपर लागतं. उघड्यावर असेल तर उत्तर-दक्षिण मांडा. पूर्व-पश्चिम मांडलं की संध्याकाळी एका टोकाच्या डोळ्यांत सूर्य.

वाऱ्यावरची_बॅग

ज्युनिअरचं अंतर? लहान मुलांना २१ फुटांवरून खेळवण्याची पद्धत आहे. मग कोर्ट दुपारी परत बदलायला वेळ जातो.

सुतारपक्षी

एकच बोर्ड ६ फूट पुढे घ्यायचा, दुसरा हलवायचा नाही. दोन रंगांच्या खुणा आधीच करून ठेवा. दोन कोर्टं बदलायला दोन मिनिटं.

गप्पिष्ट

बॅगांवर कोणीच बोललं नाही अजून. मका भरायचा की प्लास्टिकचे दाणे?

लूझर्स_ब्रॅकेटवासी

मका भरा. हरलेल्यांसाठी अल्पोपाहाराची सोय.

चौथी_बॅग

हहपुवा. पण गंभीरपणे: मका नको. आपटून दाण्याचा भुगा होतो, तो कापडातून बोर्डवर उतरतो आणि बोर्ड दिवसभरात बदलत जातो. दमट हवेत मका ओलावा धरतो, वजन बदलतं. शिवाय उंदीर. आता स्पर्धांना प्लास्टिकचे गोल दाणेच असतात. बॅग ६ इंच बाय ६ इंच, एक बाजू गुळगुळीत, दुसरी अडणारी.

प्रवेशाच्या वेळीच बॅगा तपासा: वजन आणि माप. बॅग मऊ व्हावी म्हणून लोक धुतात, उकळतात. त्यात कापड आकसतं, आणि लहान, पातळ बॅग भोकात सहज जाते. २०२२ साली अमेरिकन कॉर्नहोल लीगच्या जागतिक स्पर्धेत दुहेरीच्या सामन्यात एका जोडीच्या बॅगांवर आक्षेप आला. तपासल्यावर दोन्ही जोड्यांच्या बॅगा मापात बसेनात, आणि सामना तसाच पुढे चालवावा लागला. सामना सुरू झाल्यावर तपासणी म्हणजे हेच होणार.

वाऱ्यावरची_बॅग

बंदिस्त जागेत ८० माणसं जमली की दुपारनंतर हवा दमट होते आणि बोर्ड चिकट होतात. सकाळी जी बॅग सरकत आत जात होती ती दुपारी भोकाच्या एक फूट अलीकडे थांबते. दर दोन तासांनी सगळे बोर्ड कोरड्या सुती कापडाने पुसा, सगळे म्हणजे सगळे, एकाच वेळी. ओलं फडकं नको. आणि खेळाडूंना स्वतःची पावडर टाकू देऊ नका.

नियमनारायण

पंचांसाठी चार वाद जे हमखास येतात:

अर्धी बोर्डवर, अर्धी जमिनीला टेकलेली बॅग: शून्य. कागदाचा कपटा खालून सरकतो का बघा, सरकला तर १ गुण. जमिनीवर टप्पा खाऊन बोर्डवर आलेली: बाद, आणि ती लगेच उचलायची, पुढच्या बॅगेला टेकू देता कामा नये. भोकाच्या कडेवर लोंबकळणारी: फेरी संपेपर्यंत पडली नाही तर १, समोरच्याच्याच बॅगेने ढकलली जाऊन आत पडली तरी ३ तुमचे. आणि चौथा, सगळ्यात चिवट: गुण ठरण्याआधी कोणीतरी बॅगा उचलल्या. दोन्ही बाजूंनी गुण मोठ्याने म्हटल्याशिवाय बॅगेला हात नाही, हे सकाळीच सांगा.

निवांत

शुक्रवारी संध्याकाळी एखादा चिठ्ठ्या टाकून जोड्या पाडायचा गट ठेवला तर? सरावही होईल आणि बोर्डही तपासून होतील.

शून्य_चौकार

उत्तम. चिठ्ठ्यांचे दोन डबे करा, जास्त पीपीआर आणि कमी पीपीआर, दोन्हींतून एकेक. विषम संख्या झाली तर उरलेला एकटा दोन्ही टोकांना फेकतो. स्पर्धेचं टेबल चालवणाऱ्यालाही रंगीत तालीम मिळते. टेबलावर सामने पुकारणारा माणूस एकच हवा. दोघे झाले की एकाच कोर्टावर दोन सामने पुकारले जातात. स्कोअरहोलिओसारखं ॲप कोर्ट आपोआप देतं, पण तरी मोठा पडदा लावा, कारण सगळ्यांचे फोन चार वाजेपर्यंत मेलेले असतात.

तिरपा_बोर्ड

सगळ्यांना दंडवत. सुधारित आराखडा:

शनिवार ९:०० महिला दुहेरी, चारचे ३ गट, प्रत्येकी दोन कोर्टं, म्हणजे ३ घासांत साखळी आणि २०-२० मिनिटांच्याच ४ घासांत बाद फेरी, ११:२० ला संपते. त्याच वेळी उरलेल्या दोन कोर्टांवर ज्युनिअर, पाचचे २ गट, १५ मिनिटांचे १० सामने, ११:३०, मग उपांत्य आणि अंतिम, १२:००. खुली दुहेरी १२:३० आधी सुरू नाही. साखळी २:३० पर्यंत, बाद फेरी २:५० ला, ५ घास अर्ध्या तासाचे, ५:२०.

रविवार ९:०० सीनिअर, महिला दुहेरीसारखंच, ११:२०. खुली एकेरी ११:४०, पाचचे ८ गट, प्रत्येकी १० सामने, ३:०० वाजतात. मग ३:२० ला बाद फेरी, पहिले दोन वर, पुढचे दोन खाली, ५:५०.

आकडेमोडे

बसतंय. दोन खाचा. उपांत्य आणि अंतिम सामने तीनपैकी दोन केले तर दोन्ही दिवशी दीड-दोन तास वाढतील, म्हणजे शनिवारी सात. आणि महिला दुहेरीची अंतिम फेरी लांबली तरी १२:३० पर्यंत तासभर गादी आहे, पण सीनिअर आणि खुली एकेरी यांच्यात फक्त २० मिनिटं ठेवलीत. सीनिअरमधले निम्मे खुल्या गटात असणार. तिथे ४० करा, किंवा सीनिअरच्या उपांत्य फेरीतल्या चौघांना खुल्या एकेरीच्या साखळीत पहिला सामना बसून काढायला द्या. पाचच्या गटात एका वेळी तिघे बसलेलेच असतात.

नियमनारायण

नोंदणी सुरू होण्याच्या अर्धा तास आधी बंद करा, ड्रॉ त्यानंतरच. नाव आलंय पण माणूस नाही अशी जोडी ड्रॉमध्ये गेली की अख्खा गट तीनचा होतो.

गप्पिष्ट

"नोंदणी सुरू होण्याच्या अर्धा तास आधी बंद" हे फारच कडक आहे बुवा.

नियमनारायण

गट सुरू होण्याच्या! ह घ्या. आणि तीनचा गट झालाच तर साखळी दुहेरी खेळवा, प्रत्येकाशी दोनदा. सहाच सामने होतात, घास बदलत नाहीत.

डावखुरा

उशिरा आलो. एकेरीत चौकटीची डावी-उजवी बाजू कोण निवडतो?

नियमनारायण

नाणेफेक जिंकणारा बाजू किंवा पहिली फेक, दोन्हींपैकी एक निवडतो, उरलेलं दुसऱ्याला. त्यानंतर ज्याने शेवटचे गुण घेतले तो आधी फेकतो. शून्य फेरी झाली तर आधीचाच.